पांढरा कुडा की काळा? सालीच्या भुकटीला बोलतं करणारी टीएलसी

पांढरा कुडा आणि काळा कुडा रानात उभे असतील, तर कोकणात वाढलेल्या माणसाची सहसा चूक होत नाही. दोघांनाही चीक आहे, दोघांचीही फुलं पांढरी. पण काळ्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना धरून असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोडे इंद्रजव. कुड्याच्या शेंगांची भाजी करणाऱ्या बाईला तर यातलं काही शिकवावं लागत नाही. पंचाईत होते ती पुढे. साल सोलली, वाळली, तुकडे होऊन गोणीत भरली आणि काष्ठौषधींच्या दुकानात गेली की पान नाही, फूल नाही, शेंग नाही. उरतो तपकिरी भुगा. आव पडल्यावर जो काढा देतात, कुटजारिष्ट ज्याचं करतात, तो कुडा पांढरा. त्याच्या सालीत काळ्याची भेसळ होते, हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. आता भुग्याला त्याचं गाव विचारायचं कसं?

विचारण्याची एक जुनी, स्वस्त आणि अजूनही भरवशाची रीत आहे: थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, रोजच्या बोलण्यात टीएलसी. तिला लाखांचं यंत्र लागत नाही. सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी, झाकणाची काचेची बरणी, दोन-तीन द्रावकं, एक केशनळी आणि अतिनील प्रकाशाचा दिवा एवढ्यावर काम भागतं. अर्काचा थेंब पट्टीच्या खाली लावायचा, द्रावक पट्टीवरून वर चढू द्यायचं, आणि अर्कातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर सुटी होऊन ठिपके उमटतात. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या कुठल्याही बऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे जमण्यासारखं आहे. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातही, वनस्पती ओळखण्याच्या कसोट्यांमध्ये टीएलसीला जागा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण औषधांच्या जाहिरातीत ती नेमकी उलटी सांगितली जाते. ही पट्टी ‘नाही’ ठणकावून म्हणते. ‘होय’ म्हणताना मात्र ती हातचं राखून बोलते. एकाच पट्टीवर चालवलेल्या दोन नमुन्यांचे ठिपके जुळले नाहीत तर नमुने वेगळे, यावर पैज लावता येते. जुळले, तर फक्त एवढंच म्हणता येतं की वेगळेपणाचा पुरावा अजून सापडलेला नाही. हा फरक डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं.

खडूपासून सुरुवात

मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सात काम करत होता. पानांचा हिरवा रंग एकाच द्रव्याचा की अनेकांचा, हे त्याला शोधायचं होतं. काचेच्या नळीत त्याने खडूची पूड ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडलं. खाली उतरता उतरता अर्काचे हिरवे-पिवळे पट्टे सुटे झाले. १९०३ मध्ये त्याने याबद्दल पहिल्यांदा व्याख्यान दिलं आणि १९०६ मध्ये सविस्तर लेख छापले. त्या काळी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पट्टीपर्यंतचा प्रवास आणखी पुढचा. १९३८ मध्ये खारकीव्हमध्ये इझमाईलोव्ह आणि श्राइबर हे दोघे औषधी वनस्पतींचे अर्क तपासत होते. नळी भरण्याचा खटाटोप टाळावा म्हणून त्यांनी काचेवर अल्युमिनाचा पातळ थर पसरला आणि त्यावर अर्काचा थेंब टाकला. काम काही मिनिटांत होऊ लागलं. म्हणजे टीएलसीचा जन्मच मुळी औषधी वनस्पतींच्या टेबलावर झाला. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीत एगॉन श्टाल याने सिलिकाचे कण, थराची जाडी, बरणी हे सगळं ठरीव केलं आणि ही रीत जगभर पसरली.

त्स्वेतचं तत्त्व घरीही बघता येतं. फळ्यावरच्या पांढऱ्या खडूला खालून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ ओढा आणि वाटीत जेमतेम पाणी घेऊन त्यात खडू उभा करा. रेघ पाण्याच्या वर राहायला हवी. पाणी चढू लागतं तशी काळी रेघ फुटते आणि निळा, जांभळा, कधी पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन बसतात. पोरांना दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही. पेन मात्र पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं हवं.

हे होतं कशामुळे? शिमग्यात पालखी वाडीवाडीतून निघते तेव्हा तिच्याबरोबर चालणाऱ्यांकडे बघा. ज्याचं वाडीत नातंगोतं फार, तो प्रत्येक अंगणात थांबतो, पाणी पितो, चौकशा करतो आणि मागे पडतो. ज्याचं कुणी नाही, तो ढोलाबरोबर थेट पुढच्या वाडीत. पट्टीवर पालखीच्या जागी द्रावक असतं, अंगणांच्या जागी सिलिकाचे कण आणि माणसांच्या जागी अर्कातले रेणू. सिलिकाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ज्या रेणूवर असेच ध्रुवीय, म्हणजे विजेचा भार एका बाजूला कललेले, गट उघडे असतात तो या जोड्यांना हायड्रोजन बंधाने चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. तेलकट, अध्रुवीय रेणूला सिलिकाचं आकर्षण नाही. तो द्रावकाबरोबर वर जातो.

हळदीची पट्टी

आधी हळदीवर हात बसवावा, म्हणजे मग कुडा सोपा जातो. हळद घेण्याचं कारण साधं आहे: तिचे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात.

ग्रॅमभर हळदपूड दहा मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवून गाळायची. पट्टीच्या खालच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ मारायची. पेनाने नाही, कारण शाईच आपल्याबरोबर पळू लागेल. केशनळीने त्या रेघेवर अर्काचा बारीक ठिपका द्यायचा. बारीक म्हणजे खरंच बारीक. नवशिक्या हाताचा ठिपका नेहमी मोठा पडतो आणि मग वर चढताना सगळे एकमेकांत मिसळतात. बरणीत अर्धा सेंटिमीटर द्रावक घ्यायचं, हळदीसाठी ९५ भाग क्लोरोफॉर्म आणि ५ भाग मिथेनॉल. गाळणकागद आत उभा करून झाकण लावायचं आणि बरणी वाफेने भरू द्यायची. मग पट्टी अलगद सोडायची. हे सगळं धुराड्याच्या कपाटात. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल दोन्ही विषारी आहेत, घरच्या ओट्यावर हे काम करू नये.

द्रावक वरच्या कडेजवळ आलं की पट्टी काढायची आणि ते कुठवर पोचलं तिथे लगेच खूण करायची. सुकल्यावर ती आघाडी दिसत नाही. आता पट्टीवर एकाखाली एक तीन पिवळे ठिपके असतात. सर्वांत वर कर्क्युमीन, मध्ये डिमेथॉक्सिकर्क्युमीन, खाली बिसडिमेथॉक्सिकर्क्युमीन.

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण हा क्रम पहिल्या नजरेत उलटा वाटतो. कर्क्युमीनच्या रेणूवर दोन मेथॉक्सी गट जास्त आहेत, म्हणजे ऑक्सिजन जास्त. मग त्याने सिलिकाला अधिक चिकटून खाली राहायला हवं होतं. पण प्रत्येक मेथॉक्सी गट शेजारच्या हायड्रॉक्सी गटाला आपल्याशीच हायड्रोजन बंधाने गुंतवून ठेवतो. हात शेजाऱ्याच्या हातात अडकलेला असला की तो सिलिकाकडे कसा जाणार? ज्या रेणूला हे शेजारी नाहीत त्याचे दोन्ही हात मोकळे, म्हणून तो सर्वांत खाली अडकतो. पट्टीवरचं अंतर हे रेणूच्या घडणीबद्दल बोलत असतं, नुसत्या अणूंच्या मोजणीबद्दल नाही.

अंतर सांगण्यासाठी आरएफ हा आकडा वापरतात: ठिपका जेवढा चढला त्याला द्रावक जेवढं चढलं त्याने भागायचं. द्रावक ८ सेंटिमीटर गेलं आणि ठिपका ४ सेंटिमीटर, तर आरएफ ०.५. आकडा कायम शून्य आणि एक यांच्या मध्ये. तो लिहिताना द्रावक कुठलं, पट्टी कुठली, हे सोबत लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

याच पट्टीवर शेजारी आंबेहळदीचा अर्क लावला तर पिवळे ठिपके अगदी फिके येतात, कारण तिच्यात कर्क्युमीन फार कमी. मेटानिल यलो हा बंदी असलेला रंग मिसळलेला असेल तर तोही सापडतो. तो रंग सल्फोनेट गटामुळे इतका ध्रुवीय आहे की या द्रावकात मूळ रेघेच्या आसपासच बसून राहतो. पण लेड क्रोमेट? हळदीला झळाळी आणायला तेही वापरलं गेलं आहे आणि ते कितीतरी जास्त घातक, कारण त्यात शिसं आहे. ते मिथेनॉलमध्ये विरघळतच नाही, गाळणकागदावरच राहतं. पट्टी सुंदर दिसते, तीन ठिपके जागच्या जागी, आणि शिशाचा पत्ता नाही. ‘टीएलसी केली, हळद शुद्ध आहे’ असं कुणी म्हणालं तर हे आठवावं. पट्टीला जे विरघळून तिच्यापर्यंत पोचलं तेवढंच दिसतं.

न दिसणारा कोनेसीन

आता कुडा. पांढऱ्या कुड्याच्या सालीतलं मुख्य द्रव्य कोनेसीन, हा एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य आहे. हळदीसारखीच पट्टी करून बघितली तर दोन अडचणी येतात.

पहिली शेपटाची. अल्कलॉइडमधला नायट्रोजन अल्कधर्मी असतो आणि सिलिका किंचित आम्लधर्मी. त्यामुळे तो रेणू सिलिकाला सोडायला तयार होत नाही आणि नेटक्या ठिपक्याऐवजी खालपासून वरपर्यंत ओघळ उमटतो. उपाय म्हणजे द्रावकातच थोडं डायइथिलअमाइन घालायचं. अल्कलॉइडांसाठी टोल्युइन, इथिल असिटेट आणि डायइथिलअमाइन ७:२:१ हे मिश्रण बरंच वापरलं जातं. अमाइन सिलिकाच्या आम्ल जागा स्वतः अडवून धरतं आणि कोनेसीन सुटसुटीत वर सरकतो. वास मात्र कुजक्या मासळीचा येतो, दर्यावरच्या माणसालाही नको होईल असा.

दुसरी अडचण जास्त फसवी. बाजारच्या पट्टीतल्या सिलिकात एक चमकणारं द्रव्य मिसळलेलं असतं. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली सगळी पट्टी हिरवी उजळते आणि जिथे अतिनील किरण शोषणारं द्रव्य बसलंय तिथे काळा डाग दिसतो. कर्क्युमीन, मिरीतलं पिपरीन अशी पुष्कळ द्रव्यं अशी सापडतात. कोनेसीन सापडत नाही. त्याच्या रेणूत किरण शोषणारी दुहेरी बंधांची साखळीच नाही. दिव्याखाली त्या जागी काहीही नसतं. अशा वेळी पट्टी कोरी म्हणून बाजूला ठेवणं हा घाईचा निवाडा होईल.

त्यासाठी ड्रॅगेनडॉर्फचं अभिकारक फवारतात. त्यात बिस्मथ आणि आयोडाइड असतं आणि अल्कलॉइडशी गाठ पडली की नारिंगी रंग उमटतो. पांढऱ्या कुड्याच्या अर्काच्या रांगेत ठसठशीत नारिंगी ठिपका येतो. काळ्या कुड्याच्या रांगेत तो तशा जोराने येत नाही. शेजारी शुद्ध कोनेसीनचा ठिपका चालवला असेल तर उंचीही ताडून बघता येते.

प्रत्येक जातीच्या द्रव्याला असा आपापला फवारा आहे. अमिनो आम्लांना निनहायड्रिन, सुगंधी तेलांना आणि टर्पीनांना अॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल मारून १०५ अंशांवर तापवतात. हळदीच्या त्याच पट्टीवर हे केलं तर वरच्या टोकाला नवे रंगीत डाग उगवतात. ते हळदीच्या वासाचं तेल. पिवळेपणा एकाचा, वास दुसऱ्याचा, हे तिथे डोळ्यांसमोर दिसतं. मला स्वतःला टीएलसीतला हा भाग सर्वांत आवडतो: फवारा, गरम हवा, आणि कोऱ्या पट्टीवर हळूहळू उमटत जाणारे जांभळे-निळे डाग.

आषाढातली पट्टी

पुण्याच्या पुस्तकात लिहिलेला आरएफ रत्नागिरीच्या जुलैत जुळत नाही, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. नव्या बुटाच्या खोक्यात ओल शोषायला जी पुडी ठेवतात तिच्यातही सिलिका जेलच असतं. पट्टीवरचं सिलिकाही तसंच हवेतली वाफ ओढून घेतं. पाण्याचे रेणू सिलिकाच्या चिकट जागा आधीच बळकावून बसले की आपल्या द्रव्यांना धरायला जागा उरत नाही आणि बहुतेक ठिपके नेहमीपेक्षा वर पळतात. एप्रिलात सुटे दिसलेले दोन ठिपके आषाढात एकमेकांत मिसळलेले सापडू शकतात.

पट्टी १०५ ते ११० अंशांवर अर्धा तास तापवून शोषपात्रात, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, थंड करणं हा नेहमीचा उपाय. पण कोकणच्या पावसात शोषपात्रातून काढलेली पट्टी ठिपके देईपर्यंत पुन्हा ओलावते. म्हणून नेमक्या कामासाठी उलटा विचार करतात: कोरडी ठेवण्याच्या मागे न लागता ठरावीक ओलीवर आणायची. बंद पेटीत मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांवर स्थिर राहते. तिथे पट्टी काही वेळ ठेवली की मे असो वा जुलै, सुरुवात सारखीच होते. हे नसेल तर निदान संशयित नमुना आणि खात्रीचा नमुना एकाच पट्टीवर शेजारीशेजारी चालवावा. ओल लागली तर दोघांना सारखीच लागेल.

ओलीचा दुसरा हिशेब नमुन्याच्या बाजूचा. पावसात वाळवलेल्या सालीवर, बियांवर बुरशी धरते. काही बुरशींची विषं, म्हणजे अफ्लाटॉक्सिनं, ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली चमकतात, बी गटातली निळी आणि जी गटातली हिरवी. ती शोधायलाही टीएलसी पुष्कळ वर्षं वापरली गेली आहे.

‘होय’ म्हणताना

दारुहळदीचं उदाहरण यासाठी चांगलं. खरी दारुहळद हिमालयातली, पिवळ्या बर्बेरीनसाठी प्रसिद्ध. बाजारात तिच्या जागी झाडी हळद चालते, ती दक्षिणेकडच्या सह्याद्रीतली वेल. बर्बेरीन तिच्यातही आहे. फक्त बर्बेरीनचा झगझगीत पिवळा ठिपका बघून ‘होय, दारुहळद’ म्हटलं तर फसगत ठरलेली. रसायनाच्या दृष्टीने दोन अगदी वेगळी द्रव्यंही एखाद्या द्रावकात एकाच उंचीवर येऊन बसू शकतात. म्हणून जाणकार माणूस एका ठिपक्यावर बोलत नाही. तो सगळी रांग बघतो: किती ठिपके, कुठल्या रंगाचे, दिव्याखाली कसे, फवाऱ्यानंतर कसे. शिवाय द्रावक बदलून पुन्हा बघतो. दोन-तीन वेगळ्या द्रावकांत नमुना खात्रीच्या नमुन्याबरोबर चालला तर ‘होय’ला वजन येतं.

किती आहे, हे सांगायलाही साधी पट्टी कच्ची. गडद-फिका एवढंच कळतं. त्यासाठी एचपीटीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स टीएलसी: कण आणखी बारीक, ठिपके यंत्राने दिलेले, आणि डागांची तीव्रता प्रकाशाने मोजलेली. ते काम साध्या प्रयोगशाळेतलं नव्हे, खर्चही बराच.

मोजण्याची गरज कुठे पडते ते नरक्यावरून कळेल. सह्याद्रीच्या उतारावरचं हे मध्यम झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं, आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या नरक्यात सापडलं. त्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं कर्करोगावर वापरली जातात. आणि त्याच पायी नरक्याची बेसुमार चोरटी तोड झाली. कॅम्प्टोथेसिन अल्कलॉइड असूनही नेहमीच्या अल्कलॉइडांसारखा अल्कधर्मी वागत नाही, पण ३६६ नॅनोमीटरखाली निळा झळकतो. ग्रॅमभर सालीवरून, झाड जागेवर उभं ठेवून, कुठल्या झाडात तो जास्त आणि कुठल्यात कमी याचा पहिला अंदाज पट्टीवर घेता येतो. रोपं कुठल्या झाडाची करायची हे ठरवायला तेवढंही पुष्कळ उपयोगी आहे. रोग बरा होईल का, मात्रा किती, हे पट्टीला विचारू नये. ते तिचं कामच नाही.

या सगळ्यात ज्यावर निकाल टेकलेला असतो तो खात्रीचा नमुना येतो कुठून? दुकानातून आणलेल्या ‘अस्सल’ सालीवर दुसरी साल ताडून पाहण्यात अर्थ नाही. साल ज्या झाडाची काढली त्याच झाडाची पानाफुलांची फांदी दाबून, वाळवून, गाव आणि तारीख लिहून ठेवावी लागते आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळख पक्की करून घ्यावी लागते. कुड्याच्या बाबतीत त्यासाठी एका फेरीत भागत नाही. फुलं उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला येतात, शेंगा पुढे वाढतात. फुलोऱ्यात झाड हेरून खोडाला खूण बांधायची, फांदी घ्यायची, आणि शेंगा धरल्यावर त्याच झाडाकडे परत जाऊन मग बोटभर साल काढायची.